हजेरीपटावरील नाव आणि हाकेचे नाव : जबलपूरच्या मराठी विद्यार्थ्याच्या संदर्भात

जबलपूर शहराला ‘संस्कारधानी’ हे टोपणनाव विनोबा भावे यांनी दिले, असे तेथे सर्वत्र सांगितले जाते. दुकानांच्या पाट्यांवर, वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आणि समारंभांतील स्वागताच्या भाषणांत ते इतके रुळले आहे की ते एका मराठी माणसाच्या तोंडचे आहे याची आठवण सहसा कोणाला होत नाही. ज्याने हे नाव दिले त्याचे रूढ नावही पाळण्यातले नव्हते. विनायक नरहरी भावे यांना आई ‘विन्या’ म्हणे. गांधीजींच्या आश्रमात त्यांचे ‘विनोबा’ झाले. शाळेच्या पटावरचे ‘विनायक’ पुढे चरित्रकारांच्या उपयोगापुरते उरले. एकाच व्यक्तीच्या या तीन नावांमागे तीन नाती आहेत. विन्या हा आईचा मुलगा, विनायक हा शाळेचा विद्यार्थी आणि विनोबा हा आश्रमाचा साधक. यांपैकी शिकणारा नेमका कोण होता, हा प्रश्न वरवर पाहता शब्दच्छलाचा वाटेल; परंतु विद्यापीठाच्या वर्गात अध्यापक ज्या नावाने हाक मारतो त्यावर विद्यार्थ्याचे बोलणे किंवा गप्प राहणे पुष्कळदा अवलंबून असते, हे ध्यानात घेतले म्हणजे तो तितकासा पोकळ राहत नाही.

जबलपूरच्या संदर्भात हा प्रश्न विशेष लक्षणीय ठरतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. पुढे मध्य प्रांतात, आणि नंतर मध्य प्रांत व वऱ्हाडात, मराठी आणि हिंदी या दोन भाषा एकाच राज्यकारभाराच्या छपराखाली नांदल्या. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघाले, १९४६ मध्ये सागरचे, १९५६ मध्ये जबलपूरचे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला आणि उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ नागपूरहून जबलपुरास आले. न्यायालय, रेल्वे आणि आयुधनिर्माणी यांच्या आश्रयाने राहिलेल्या मराठी घरांतील मुले, आणि गोंदिया–बालाघाटच्या लोहमार्गाने येणारी सीमाभागातील मुले, अशी दोन प्रकारची मराठी मुले जबलपूरच्या वर्गांत एका बाकावर येतात. पहिल्या प्रकारच्या मुलाला हिंदी ही गल्लीची भाषा असते, दुसऱ्याला ती परीक्षेची. विद्यापीठाचे स्वतःचे नावही १९८३ मध्ये राणी दुर्गावतीच्या नावावरून बदलले, आणि वृत्तपत्रांनी व विद्यार्थ्यांनी त्याचे लगेच ‘रादुविवि’ केले. संस्थेलाही हाकेचे नाव लागते ते असे.

मराठी माणसाच्या नावाची घडण हिंदी प्रदेशातील नावाहून वेगळी आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा तिपेडी गोफ मराठीत रूढ आहे. हिंदी भागात दुसरा शब्द बहुधा पहिल्याचाच अवयव असतो. भवानीप्रसाद, हरिशंकर, माखनलाल यांतील ‘प्रसाद’, ‘शंकर’, ‘लाल’ ही कोणाच्या वडिलांची नावे नव्हेत. त्यामुळे हजेरी घेणाऱ्या हिंदीभाषी अध्यापकापुढे ‘विजय शंकर’ अशी आद्याक्षरे गाळलेली नोंद आली तर तो सहजच ‘विजयशंकर’ अशी हाक मारतो, आणि मुलगा आपल्या नावात आपला बापही हजर असल्याचे पाहून चमकतो. जबलपूरच्या हितकारिणी शाळेत १९४० नंतरच्या दशकात काही काळ शिकवणाऱ्या गजानन माधव मुक्तिबोध यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांनी आयुष्यभर हिंदीत लिहिले, परंतु नाव मराठी वळणाचेच ठेवले. ‘माधव’ हे त्यांचे वडील हिंदी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांच्याबरोबर कायमचे जाऊन बसले. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. हिंदी वाचक मात्र ‘मुक्तिबोध’ एवढेच म्हणतो, आणि त्या एका आडनावाने दोन भाषांतील दोन भाऊ एकमेकांत मिसळून जातात.

या मधल्या नावाची आणखी एक कथा जबलपुराशी येऊन मिळते. कृष्णाजी केशव दामले यांनी कवितेसाठी नाव घेतले ते ‘केशवसुत’. म्हणजे हजेरीपटावर जो मजकूर मधल्या घरात असतो त्याचेच त्यांनी टोपणनाव केले. त्यांचे बंधू मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि जबलपुरात अध्यापन केलेल्या कामताप्रसाद गुरू यांनी आपले हिंदी व्याकरण रचताना या ग्रंथाचा आधार घेतला. हे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. हिंदीच्या सर्वाधिक प्रमाण मानल्या गेलेल्या व्याकरणामागे अशा रीतीने एक मराठी ग्रंथ उभा आहे. एका भावाने वडिलांचे नाव कवितेत नेले, दुसऱ्याचे काम जबलपूरच्या वाटेने हिंदीत गेले. ‘गुरू’ हेच ज्यांचे आडनाव त्या शिक्षकाकडे ते यावे, हा योगायोगही गमतीचा म्हटला पाहिजे.

आडनावे भाषेची सीमा ओलांडतात तेव्हा काही वेळा कोणीही न ठेवता त्यांची टोपणनावे होतात. हिंदीत ‘ळ’ नाही. त्यामुळे ‘काळे’ हे आडनाव ‘काले’ होते आणि लगेच वर्णवाचक बनते. शेजारी ‘गोरे’ बसला असेल तर वर्गाला आयतीच जोडी मिळते. ‘काणे’ म्हटले की हिंदी कानाला एका डोळ्याचा माणूस दिसतो, आणि ‘लेले’ हे नाव पुकारले जाताच कोणीतरी हात पुढे करून काय घ्यायचे ते विचारतो. धर्मशास्त्राच्या इतिहासकाराचे आडनाव उच्चारताना जे गांभीर्य पुणे–मुंबईत आपोआप येते ते नर्मदेकाठी येण्याचे कारण नाही. हा विनोद निष्पाप आहे हे खरे; पण तो वर्षभर रोज सकाळी अकरा वाजता होतो. ज्याच्यावर होतो तो पहिल्या आठवड्यात हसतो, दुसऱ्यात हसण्याचा प्रयत्न करतो आणि नंतर ‘उपस्थित’ हा शब्द शक्य तितक्या हळू आवाजात उच्चारू लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत चिडवणुकीचे शब्दही येतात, आणि २०१६ च्या दुरुस्तीने त्यांत प्रादेशिक मूळ व भाषिक ओळख यांवरून केलेल्या छळाचाही समावेश केला. कायद्याने ही रेषा ओढली हे उचितच झाले. परंतु ‘लेले’ या हाकेवर तक्रार कोण करणार, आणि करणार तर कशाची? हाक मारणाऱ्याने खरे नावच उच्चारलेले असते.

याहून अधिक बोचरी असतात ती चुकीतून जन्मलेली नावे. मराठी आणि हिंदी यांच्यात समान दिसणारे परंतु भिन्नार्थी शब्द विपुल आहेत. हिंदीभाषी प्राध्यापक ‘चेष्टा करो’ म्हणतो, म्हणजे प्रयत्न कर. गोंदियाहून नुकताच आलेला मुलगा ती थट्टा समजतो. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. ‘चार प्रश्न सोडवले’ हे सांगण्यासाठी तो ‘चार प्रश्न छोड़े’ म्हणतो आणि सोडवलेले प्रश्न सोडून दिलेले ठरतात. अशा एखाद्या चुकीवरून ‘चेष्टाराम’ किंवा ‘छोडू’ असे नाव पडले की ते पदवीपर्यंत पिच्छा पुरवते. येथे टोपणनावाचा अध्ययनाशी असलेला संबंध प्रत्यक्ष आणि कठोर आहे. नवी भाषा शिकणाऱ्याला चुका करण्यावाचून गत्यंतर नसते, आणि ज्याच्या एका चुकीचे नामकरण झाले तो दुसरी चूक करण्याचे टाळतो, म्हणजेच बोलण्याचे टाळतो. परीक्षेत त्याचे लेखन बरे निघते आणि तोंडी परीक्षेत तो कोसळतो. अध्यापक त्याला अबोल स्वभावाचा म्हणून सोडून देतात. स्वभाव हा शब्द अशा वेळी फार सोयीचा असतो.

या ठिकाणी मराठीतील लाडक्या नावांची घडण बारकाईने पाहणे उपयुक्त ठरेल. ‘विनायक’ याचे ‘विनू’ होते, ‘विन्या’ होते, ‘विनायकराव’ होते, ‘विनायकपंत’ होते आणि ‘विनोबा’ही होते. ‘ऊ’ हा प्रत्यय मऊ आहे. सदू, दत्तू, पांडू यांत वयाचे लहानपण तेवढे आहे. ‘या’ हा मात्र दुधारी आहे. राम्या, गण्या, गोंद्या, दत्त्या ही रूपे आईच्या तोंडी माया दाखवतात, मित्राच्या तोंडी बरोबरी दाखवतात, आणि सावकाराच्या किंवा फौजदाराच्या तोंडी तुच्छता. स्त्रीनामांत हेच काम ‘ई’ करतो : गोदी, यमी, सुमी. रूप तेच, उच्चार तोच. अर्थ ठरतो तो कोण कोणाला म्हणतो यावर. पु. ल. देशपांड्यांच्या चितळे मास्तरांच्या तोंडी विद्यार्थ्यांची अशी मोडलेली नावे वाचकाला गोड वाटतात ती मास्तरांनी त्या मुलांसाठी आपला जन्म वेचला आहे हे त्याला ठाऊक असते म्हणून. तीच रूपे दुसऱ्या एखाद्या शिक्षकाच्या तोंडी घातली तर ती व्यक्तिरेखा वेगळीच होईल.

ही दुधार नवीन नाही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात ‘क’ हा प्रत्यय कुत्सा आणि अनुकंपा अशा दोन्ही अर्थी सांगितला आहे, आणि लगेच पुढे अनेक स्वरांच्या मनुष्यनामांना अनुकंपेच्या अर्थी लागणारे वेगळे प्रत्यय दिले आहेत. देवदत्तापासून देविक, देविय, देविल अशी रूपे होतात. दुसऱ्या स्वरापुढचा नावाचा भाग गळून पडतो. मराठीतही नाव तोडण्याची जागा बहुतेक नावाच्या आरंभाजवळच असते. विनायकाचे ‘विन्’, दत्तात्रेयाचे ‘दत्त्’, पांडुरंगाचे ‘पांड्’ उरते आणि त्याला शेपूट लागते. ‘देविय’ आणि ‘विन्या’ यांचे थेट नाते जोडण्याचा मोह येथे आवरला पाहिजे. लक्षात घ्यावयाची गोष्ट ती नाही. पाणिनीची ‘अनुकंपा’ ही वरून खाली वाहणारी भावना आहे. जो अनुकंपा करतो तो समर्थ, ज्याच्यावर होते तो दुबळा. लाडके नाव आणि हिणवण्याचे नाव व्याकरणात एकमेकांच्या शेजारी का बसतात याचे उत्तर यात आहे. दोहोंतही नाव आखूड करण्याचा अधिकार एकाच बाजूला असतो.

जबलपूरच्या बोलीत, जिच्यावर बुंदेलीची दाट छाया आहे, नावे आखडण्याची रीत निराळी आहे. तेथे व्यंजन दुणावते आणि ‘ऊ’ लागतो : रज्जू, कल्लू, लल्लू, बब्बू. मराठी घरातला ‘विन्या’ गल्लीत ‘बिन्नू’ होऊ शकतो. त्याशिवाय जबलपूरची खूण मानले जाणारे ‘बड्डे’ हे संबोधन आहे. ते मूळचे वडील भावाचे, परंतु समवयस्कांत सर्रास चालते. या संबोधनाचा विशेष असा की ते परत करता येते. एकाने ‘काय बड्डे’ अशा अर्थाने हाक घातली की दुसराही तेच म्हणतो आणि दोघेही एकमेकांचे थोरले भाऊ ठरतात. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील सर्वनामांचा विचार करताना सत्ता आणि समभाव असे दोन अक्ष मांडले. परस्परांनी वापरलेले एकच संबोधन समभाव दाखवते, एकतर्फी वापरलेले सत्ता दाखवते. हा विचार सर्वनामांपुरता मांडलेला असला तरी नावांना तो अधिकच लागू पडतो. टोपणनाव प्रेमाचे की अवमानाचे हे ठरवण्यासाठी त्याचा अर्थ कोशात पाहून भागत नाही. ज्याला ते दिले त्याला ते परत करता येते काय, किंवा निदान नाकारता येते काय, एवढेच पाहावे लागते.

सर्वनामांचाही एक गोंधळ जबलपुरात नित्य घडतो. मराठी मुलाच्या मनात ‘तू’ आणि ‘तुम्ही’ ही मुख्य जोडी असते, आणि ‘तुम्ही’ हे आदराचे. ‘तुम’ हे त्याला ‘तुम्ही’चे हिंदी रूप वाटते, म्हणून तो प्राध्यापकांना पूर्ण आदराने ‘तुम’ म्हणतो. प्राध्यापकांच्या कानी तो उद्धटपणा पडतो, कारण हिंदीत त्यांच्यासाठी ‘आप’ आहे. उलट दिशेने, प्राध्यापकांनी त्याला ‘तुम’ म्हटले तर तो मान समजून सुखावतो. परस्परांच्या आदराची मापे अशी वेगळी असताना टोपणनावाचे माप जुळण्याची आशा धरणे धाडसाचे आहे.

सत्तेचा हा अक्ष उलटा फिरवण्याचे साधन विद्यार्थ्यांपाशीही असते. अध्यापकांना टोपणनावे ठेवणे ही भारतभरच्या विद्यालयांतील अलिखित परंपरा आहे. ती नावे पाठीमागे चालतात, पुढच्या वर्गाकडे वारसाहक्काने जातात, आणि बहुधा विलक्षण अचूक असतात. त्यांत एक प्रकारचे वाङ्मयीन परीक्षण असते. परंतु ती समोर उच्चारता येत नाहीत, म्हणून ती संवादाची नावे होऊ शकत नाहीत. याला एक उल्लेखनीय अपवाद मराठी मंडळींनीच घडवला होता. बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात केशवराव देशपांडे यांच्या प्रेरणेने शिक्षकांना घरातील नात्यांची नावे देण्याची पद्धत होती. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर तेथे ‘काका’ झाले, फडके ‘मामा’ झाले, हरिहर शर्मा ‘अण्णा’ झाले. १९१२ च्या सुमारास विद्यालय बंद पडले, नावे मात्र टिकली, आणि ‘काका’ कालेलकर हे पुढे त्याच नावाने देशाला माहीत झाले. येथे टोपणनाव शिक्षकाला मिळाले, तेही उघडपणे आणि विद्यार्थ्याच्या तोंडी शोभेल असे. ज्याला ‘काका’ म्हणायचे त्याला पुन्हा प्रश्न विचारण्यास मुलगा कचरत नाही, कारण घरात काकाला प्रश्न विचारण्याची सवय असते. अर्थात कुटुंबात काकाचा धाकही असतो, हे विसरून चालणार नाही. नात्याचे नाव सत्ता पुसत नाही, तिला ओळखीची करते.

याउलट गुरूने शिष्याला नवे नाव देण्याची परंपरा फार जुनी आहे. महाभारताच्या आदिपर्वात धौम्यांचा शिष्य आरुणी शेताचा फुटलेला बांध अडवण्यासाठी स्वतः आडवा पडून राहतो आणि गुरूंच्या हाकेवर उठतो तेव्हा बांध फोडून उठला म्हणून गुरू त्याचे नाव ‘उद्दालक’ ठेवतात. तेही एक टोपणनावच होते. फरक इतकाच की ते चुकीवर नव्हे, कर्तृत्वावर बेतलेले होते. जबलपुरात १९६६ पर्यंत तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या अध्यापकाची गोष्टही याच परंपरेत ठेवता येते. चंद्रमोहन जैन हे त्यांचे जन्मनाव मागे पडून ‘रजनीश’ हे बालपणापासूनचे नाव रूढ झाले, आणि १९७० पासून त्यांनी आपल्या अनुयायांना सर्रास नवी नावे दिली. घरचे नाव घेऊन जो व्यासपीठावर चढला त्याने इतरांची घरची नावे काढून घ्यावीत, यात एक विसंगती आहे. ती त्यांच्या अनुयायांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

कौतुकाचे नावही शिकणाऱ्याला जखडू शकते. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कुमारवयीन कवीला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. १९१८ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, अपघाती मृत्यू येईपर्यंत ते बालकवीच होते, आणि आजही आहेत. त्यांच्या अखेरच्या काळातील उदासीन, प्रौढ कवितेकडे समीक्षेचे लक्ष उशिरा वळले याला इतर कारणांबरोबर हे नावही कारण असावे. वर्गातल्या ‘हुशार’ला, ‘पंडित’ला आणि ‘कवी’लाही हाच धोका असतो. ज्याचे नाव ‘पंडित’ पडले त्याला ‘मला हे समजले नाही’ असे म्हणण्याची सोय राहत नाही.

मराठी विद्यार्थिनीच्या बाबतीत नावाचा प्रश्न आणखी एका अंगाने उभा राहतो. विवाहाच्या वेळी वधूचे आडनावच नव्हे तर नावही बदलण्याची चाल अनेक मराठी घरांत दीर्घकाळ चालत आली. एम्.ए.च्या पहिल्या वर्षी जी मुलगी एका नावाने हजर होती तीच दुसऱ्या वर्षी तिन्ही पदरी नव्या नावाने येते. पटावर तिची दुरुस्ती होते; मैत्रिणी मात्र माहेरच्या नावाने किंवा लहानपणच्या ‘बेबी’, ‘छबू’ अशा नावानेच हाक मारत राहतात. कागदावरचे नाव परके झाल्यावर टोपणनाव हाच तिच्या शिक्षणातील एकमेव सलग धागा उरतो. अशा वेळी टोपणनावाला बालिश म्हणून हसणे सोपे असते, योग्य नसते.

आतापर्यंतची उदाहरणे ज्यांच्या नावाला समाजाने मान दिला अशांची आहेत. ज्यांच्या नावालाच जात चिकटवली गेली त्यांच्यासाठी वर्गातील हाक ही वेगळीच गोष्ट असते. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनात सुशिक्षित ‘दया’ आणि गावचा ‘दगडू’ हे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर येतात. ‘दगडू’, ‘धोंडू’, ‘कचरू’, ‘केरबा’ ही नावे मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणून ठेवली जात. त्यांत आईबापांची कळकळ असते. शहरी वर्गात तेच नाव उच्चारले गेले की ती कळकळ गळून पडते आणि केवळ गावंढळपणा ऐकू येतो. येथे हाकेचे नाव घरचे आहे म्हणून ते आपुलकीचेच असेल असे मानणारा अध्यापक हेतू चांगला असूनही मुलाला दुखवू शकतो.

जबलपुराशी संबंध असलेले दुसरे उदाहरण ओमप्रकाश वाल्मीकि यांचे आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जूठन’ मध्ये त्यांनी शाळेतला जो प्रसंग सांगितला आहे तो भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे : मुख्याध्यापक नाव विचारतात, नावावरून न थांबता जात विचारतात, आणि हातात झाडू देतात. पुढे हा तरुण जबलपूरच्या खमरिया आयुधनिर्माणीत प्रशिक्षणासाठी आला, तेथून अंबरनाथला गेला आणि तेथे त्याचा मराठी दलित साहित्याशी परिचय झाला. अंबरनाथलाच एका मराठी कुटुंबाने ‘वाल्मीकि’ या आडनावावरून त्याला ब्राह्मण समजून घरात घेतले. सत्य कळताच नाते तुटले. उत्तरेत जे आडनाव त्याची जात उघड करत होते तेच महाराष्ट्रात ती झाकत होते. ते टाकून देण्याचा सल्ला आप्तांनीही दिला, पण त्याने ते सोडले नाही. नावामुळे वर्गातून बाहेर काढला गेलेला विद्यार्थी त्याच नावाने लेखक झाला, आणि त्याच्या वाचनाची मराठी वाट जबलपूरनंतरच्या मुक्कामावर सुरू झाली, ही घटना या विषयाच्या केंद्रस्थानी ठेवावी लागते.

जबलपूर हे नाव जाबाली ऋषींवरून आले अशी लोकश्रुती आहे. व्युत्पत्ती म्हणून तिचे मोल काहीही असो, ती छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाची आठवण करून देते. हारिद्रुमत गौतमांकडे शिकण्यास गेलेल्या या मुलाला पहिला प्रश्न विचारला गेला तो गोत्राचा. त्याने आईने सांगितले तेच सांगितले : गोत्र माहीत नाही, आईचे नाव जबाला, माझे सत्यकाम, म्हणून मी सत्यकाम जाबाल. गौतमांनी पटावरचे तेवढे घर रिकामे ठेवले आणि त्याला आत घेतले. मधल्या नावाच्या जागी आईचे नाव घेऊन आलेला हा पहिला विद्यार्थी म्हणता येईल. महाराष्ट्र शासनाने १ मे २०१४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिणे बंधनकारक करण्याचा निर्णय २०२४ मध्ये घेतला. येत्या काही वर्षांत ही मुले महाविद्यालयांत येतील, सीमा ओलांडून जबलपुरातही जातील, आणि तेथील हजेरीपटाला चौपदरी नाव कसे वाचावे हे नव्याने शिकावे लागेल.

मानसशास्त्राने नावाच्या सामर्थ्याला काहीसा पुरावा दिला आहे. नेव्हिल मोरे यांनी १९५९ मध्ये केलेल्या प्रयोगात, एका कानाकडे संपूर्ण लक्ष दिलेल्या माणसांपैकी काहींना दुसऱ्या, दुर्लक्षित कानात उच्चारलेले स्वतःचे नाव तेवढे ऐकू आले; बाकीचा मजकूर वाया गेला. वर्गातील झोपाळलेल्या मुलाचे नाव घेताच तो दचकतो हे प्रत्येक अध्यापकाला प्रयोगाशिवाय ठाऊक असते. परंतु दचकणे म्हणजे शिकणे नव्हे. ‘रोल नंबर तेवीस’ म्हटल्यावरही मुलगा दचकतो. पुढच्या क्षणी तो उत्तर देतो की मान खाली घालतो हे त्या हाकेत कोणते नाते आहे यावर ठरते, आणि तेथे जबलपूरचा वर्ग साध्या वर्गाहून अवघड आहे, कारण तेथे एका मुलाला घरी एक, गल्लीत दुसरे, पटावर तिसरे आणि चुकून पडलेले चौथे अशी नावे असतात.

काही अध्यापक पहिल्या तासाला प्रत्येकाला त्याचे नाव स्वतःच्या तोंडाने सांगण्यास लावतात आणि ‘हाक कोणत्या नावाने मारू’ असे विचारतात. ही लहानशी रीत पुष्कळ काम करते. ‘काळे’ स्वतः ‘ळ’ उच्चारतो तेव्हा वर्ग तो वर्ण निदान एकदा ऐकतो. ‘दगडू’ला ‘डी. एम.’ म्हणवून घ्यायचे असेल तर तसे सांगता येते, आणि ‘विन्या’ला आपले ‘विन्या’ घरीच ठेवता येते. विचारले नसताना घरचे नाव शोधून काढून त्याने हाक मारणे ही जवळीक नव्हे, घुसखोरी आहे. आणि एकदा दिलेले नाव दोन वर्षांनी बदलून मागितले तर ते बदलून देणे हेही त्याच रीतीचा भाग आहे, कारण अठराव्या वर्षीचा विद्यार्थी आणि विसाव्या वर्षीचा विद्यार्थी एकच नसतो. छापील हजेरीपटात यासाठी स्तंभ नसतो. अनुक्रमांक, नाव, प्रवर्ग आणि तारखांची घरे एवढेच असते. ज्यांना गरज वाटते ते अध्यापक नावाच्या डाव्या बाजूच्या कोऱ्या जागेत शिसपेन्सिलीने, खोडता येईल असे, एखादे नाव लिहून ठेवतात.